नकार देण्याइतका पैसा

धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम आटोपतो, मंडपाचे कापड उतरते आणि त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या विद्यालयाच्या फाटकाशी दरवर्षी एक निराळीच वर्दळ सुरू होते. ऊसतोडणीच्या टोळ्या निघायच्या असतात. पालक येतात. कोणी लेकरांना डोळे भरून पाहून जातो, कोणी खाऊचे चार पैसे अधीक्षकांच्या हाती ठेवतो, एखादी माउली 'पट्टा पडेस्तोवर लेकरं तुमचीच' असे म्हणून पदराने डोळे टिपते. या वर्दळीत दोन-चार पालक मात्र मुलीला न्यायला आलेले असतात. ते फाटकाच्या आत येत नाहीत. बाहेरच्या लिंबाखाली उभे राहतात. इतक्या वर्षांत आम्हाला ते उभ्या राहण्याच्या ढबीवरूनच ओळखू येतात.

मागे अशाच एका पालकाशी आम्ही तासभर बोललो. मुलगी आठवीत, गणितात चांगली. घरी तिची आई आजारी पडलेली. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. बाई आजारी पडली तर कोयता अर्धा होतो, पण घेतलेली उचल काही अर्धी होत नाही. फडावर खाडा पडला की तोही हिशेबात चढतो. तेव्हा कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळायला, भाकरी थापायला आणि जमेल तशा मोळ्या बांधायला ही मुलगी हवी होती. आम्ही शिक्षणाचे महत्त्व सांगितले. बाबासाहेबांचे नाव घेतले. कायद्याचाही धाक घालून पाहिला, त्याची आज लाज वाटते. त्या गृहस्थाने सारे मान खाली घालून ऐकून घेतले आणि शेवटी एवढेच म्हटले, "सर, पैसे घेतलेत."

या दोन शब्दांवर आमच्यापाशी उत्तर नव्हते. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला गुलामगिरीच्या व्याख्या पाठ असतात. परंतु आषाढात, हाताला काम नसताना, दवाखान्यासाठी म्हणून उचललेली रक्कम कार्तिकात एका मुलीची शाळा कशी बंद पाडते, हे पाठ्यपुस्तकात नसते. त्या मुलीच्या बापाला शिक्षणाची किंमत कळत नव्हती, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. त्याला 'नाही' म्हणण्याची सोय नव्हती.

प्रत्येकाच्या हाती दरमहा काही निश्चित रक्कम, कोणतीही अट न घालता द्यावी, या विचाराला अर्थशास्त्रात 'मूलभूत उत्पन्न' असे म्हणतात. हा विचार वाचताना आम्हाला दरवेळी तो लिंबाखालचा माणूस आठवतो. तो विचार आपल्या समाजात अजून हवा तसा चर्चिला गेलेला नाही. जिथे चर्चिला जातो, तिथे दोन आक्षेपांपाशी अडतो. हातात फुकटचा पैसा पडला की माणसे दारू पितील, हा एक. दुसरा आपल्याच ज्येष्ठ कार्यकर्त्यांचा असून अधिक गंभीर आहे: ही भीक आहे, आणि बाबासाहेबांनी आपल्याला भीक नाकारायला शिकवले.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर देण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात, इंदूर जिल्ह्यात, २०११ च्या जून महिन्यापासून सुमारे दीड वर्ष हा प्रयोग प्रत्यक्ष करून पाहिला गेला. 'सेवा' या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने तो चालवला. आठ गावांतील प्रत्येक रहिवाशाला, श्रीमंत-गरीब, जात, जमीन यांतले काहीही न विचारता, पैसे मिळाले: प्रौढाला दरमहा २०० रुपये व मुलाला १०० रुपये, वर्षानंतर ते ३०० आणि १५० करण्यात आले. मुलांचे पैसे आईच्या नावे, स्त्रीचे पैसे स्त्रीच्याच नावे. ताडून पाहण्यासाठी तशीच बारा गावे पैशांविना ठेवली होती. एका आदिवासी गावातही वर्षभर असेच पैसे दिले गेले व त्याच्या जोडीला दुसरे एक गाव तुलनेसाठी घेतले. सहा हजारांहून अधिक माणसांना हे पैसे मिळाले. गाय स्टँडिंग, रेनाना झाबवाला, सरत दवाला आणि सौम्या कपूर मेहता यांनी त्यावर लिहिलेला ग्रंथ २०१५ साली प्रसिद्ध झाला. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे अर्थशास्त्राकडे वळले आहेत त्यांनी तो अवश्य पाहावा.

आई-वडील व तीन लेकरे अशा घरात प्रारंभी महिन्याला ७०० रुपये येत. ही रक्कम म्हणजे काही श्रीमंती नव्हे. पण दारूवरचा खर्च वाढल्याचे आढळले नाही. धान्य, डाळ, भाजी, औषध यांवरचा खर्च वाढला. वयाच्या मानाने मुलांची वजने सुधारली, आणि मुलींची मुलांपेक्षा अधिक सुधारली. याचा अर्थ सूज्ञ वाचकाला सांगायला नको: ताटात कमी पडते तेव्हा ते आधी कोणाच्या ताटात कमी पडते, हे आपण सर्वांनी आपापल्या घरी पाहिले आहे. शाळेतील उपस्थिती वाढली. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींच्या बाबतीत हा फरक विशेष दिसला. कुणी शेळी घेतली, कुणी शिलाई यंत्र, कुणी बी-बियाणे वेळेवर आणले.

आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती नोंद मात्र निराळी आहे. पैसे मिळालेल्या घरांतील माणसांनी काम करणे सोडले नाही. त्यांनी दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी कमी करून आपल्या तुकड्यावरचे, आपल्या धंद्यातले काम वाढवले. कर्ज फेडता आले, नवे कर्ज कमी काढावे लागले. सालाने जमीनदाराकडे बांधलेल्या काही माणसांना त्या बांधणीतून बाहेर पडता आले. दलित व आदिवासी कुटुंबांना या पैशाचा लाभ इतरांहून अधिक झाला, असेही अभ्यासकांनी नोंदवले आहे. सातशे रुपयांनी माणूस सुखवस्तू होत नाही हे खरेच. मात्र आषाढ-श्रावणात सावकाराच्या ओट्यावर जाण्याचा प्रसंग पुढे ढकलता येतो, आणि आमच्याकडे उचल नेमकी त्याच महिन्यांत घेतली जाते.

आता दुसरा आक्षेप. तो आम्हाला आमच्या घरातूनच ऐकावा लागला आहे. आमच्या वडिलांची पिढी येसकरकीची भाकरी नाकारून मोठी झाली. दारोदार फिरून, ओरडून, कांबळ्याच्या खोळीत शिळे तुकडे गोळा करण्याची ती चाल ज्यांनी बंद केली, त्यांना कोणी 'सरकार महिन्याला पैसे देणार' म्हटले तर त्यांच्या अंगाची लाही होणे स्वाभाविक आहे. त्या संतापाला आम्ही वंदन करतो. परंतु संताप नेमका कशाचा होता, हे इतिहासाच्या अभ्यासकाने तपासले पाहिजे. बलुत्यात मिळणारे धान्य फुकटचे नव्हतेच. त्यामागे चोवीस तासांची, बिनहिशेबी, कोणीही सांगावी आणि नकार देता येऊ नये अशी चाकरी होती. ते गावाच्या मर्जीवर होते. मर्जी फिरली की बंद. बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारता'तून वतनावर प्रहार केला, १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या बांधणीवर. भाकरीचे त्यांना वावडे नव्हते.

गावाने मर्जी फिरवल्यावर काय होते, हे महाडनंतर साऱ्या मुलखाने अनुभवले. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. तिच्या १९३० च्या अहवालात स्पष्ट नोंद आहे, की आपले हक्क बजावू पाहणाऱ्या अस्पृश्यांविरुद्ध गावातील वरिष्ठ वर्ग त्यांच्या आर्थिक परावलंबनाचे हत्यार वापरतो: कसायला दिलेली जमीन काढून घेतो, मजुरी बंद करतो, दुकानदार जिन्नस देत नाही, वाट अडवली जाते. ज्याच्या घरात आठ दिवसांचे पीठ नाही त्याला पाणवठ्याचा हक्क कागदावर देऊन काय उपयोग, हा प्रश्न त्या अहवालाने उभा केला. २०१६ साली महाराष्ट्र विधिमंडळाला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. त्यावरून हे हत्यार अजून बोथट झालेले नाही, हे ध्यानात यावे.

१९४७ साली शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी सिद्ध केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात बाबासाहेब याच प्रश्नाच्या मुळाशी गेले. बेकार माणसापुढे कसलीशी नोकरी ठेवली, कामाचे तास ठरलेले नाहीत, संघटनेत जायचे नाही, बोलायचे नाही अशा अटी घातल्या, तर तो काय निवडील, असे ते विचारतात. उपाशी माणूस आपले मूलभूत हक्क गहाण ठेवील, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. आमच्या लिंबाखालच्या माणसाने मुलीच्या शिक्षणाचा हक्क मुकादमाकडे गहाण ठेवला होता, इतकेच.

तेव्हा आमचे म्हणणे असे, की रक्कम कोण देतो याहून ती कशी मिळते हे पाहावे. भीक मर्जीने मिळते आणि मर्जीने बंद होते. तिच्या बदल्यात वाकावे लागते. जी रक्कम प्रत्येकाला, ठरल्या दिवशी, कोणापुढे हात न पसरता मिळते, तिच्यात वाकणे कुठे आले? निवृत्तिवेतन घेणाऱ्या आम्हा शिक्षकांना कोणी भिकारी म्हणत नाही.

मात्र याच कसोटीवर आज चालू असलेल्या योजना तपासल्या, तर चित्र समाधानकारक नाही. केंद्राची किसान सन्मान योजना वर्षाला ६००० रुपये देते, पण ज्याच्या नावे जमीन आहे त्यालाच. तेलंगणाने २०१८ साली रयतु बंधु योजनेत एकरी व हंगामी ४००० रुपये दिले. जितके एकर अधिक तितके पैसे अधिक, आणि कुळाने जमीन कसणाऱ्याला काहीच नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ साली ज्या भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, त्यांची नातवंडे या 'सन्माना'त कोठे बसतात? सातबाराच नाही, तर सन्मान कसला!

महाराष्ट्रात २०२४ च्या जुलैपासून लाडकी बहीण योजना आली. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील स्त्रियांना महिन्याला १५०० रुपये. आमच्या विद्यालयातील कित्येक मुलांच्या मातांच्या खात्यात आयुष्यात प्रथमच त्यांच्या स्वतःच्या नावे पैसे आले, आणि हे आम्ही मोकळ्या मनाने चांगले मानतो. एका आईने त्यातून मुलाला नवीन चष्मा करून आणला. दोन वर्षे तो फळ्याजवळ बसून वाचत असे. पण या योजनेचे नाव आमच्या घशाखाली उतरत नाही. प्रजासत्ताकाच्या नागरिक स्त्रीने कोणाची तरी लाडकी असावे कशाला? पहिले हप्ते राखीपौर्णिमेच्या तोंडावर आले, त्यांना ओवाळणी म्हटले गेले. निवडणुका झाल्यानंतर पडताळणी सुरू झाली आणि नावे गळू लागली. भाऊ देतो, भाऊ काढून घेतो. हे पुन्हा मर्जीचेच राज्य झाले.

त्याहून मोठा धोका आपल्या दारापर्यंत आलेला आहे. २०२५ साली सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या विभागांचा निधी या योजनेकडे वळवण्यात आला, आणि खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी त्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. म्हणजे आईच्या खात्यात टाकायचे, तिच्याच मुलाच्या वसतिगृहातून काढून! मूलभूत उत्पन्नाचा विचार मांडणारे काही अर्थतज्ज्ञ रेशन, शाळा, दवाखाने यांवरचा खर्च गुंडाळून त्या बदल्यात रोख रक्कम द्यावी असे सुचवतात. २०१६-१७ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत या विषयावर स्वतंत्र प्रकरण होते व माणशी वर्षाला ७६२० रुपयांचा हिशेब मांडला होता. तोही चालू अनुदानांची जागा रोख रकमेने घ्यावी की काय, याच चर्चेभोवती फिरतो. याला आमचा निक्षून विरोध आहे. मध्य प्रदेशातील त्या गावांत रेशनचे दुकान चालू होते, शाळा चालू होती. पैसे त्यावर अधिक मिळाले, म्हणून मुलगी शाळेत पोहोचली. शाळाच नसती तर ती कोठे पोहोचली असती?

आणखी एक कबुली द्यायला हवी. बाबासाहेबांचा कार्यक्रम याहून फार मोठा होता. १९४७ च्या त्याच निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जातिभेद न मानता गावकऱ्यांना कसायला द्यावी, असे त्यांनी मांडले. महिन्याला दोन-तीनशे रुपये ही त्याची जागा घेऊ शकत नाहीत. पण तो कार्यक्रम येईल तेव्हा येवो, तोवर आषाढ दरवर्षी येतो.

बौद्ध वाङ्मयाशी परिचय असलेल्यांना हा विचार परका वाटू नये. दीघनिकायातील कूटदंत सुत्तात महाविजित राजाला महायज्ञ करायचा असतो. राज्यात चोऱ्या-लुटालूट चालू असते. त्याचा पुरोहित सांगतो की फटके व फाशी यांनी हे थांबणार नाही. शेती करणाऱ्याला बी दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, चाकरी करणाऱ्याला वेतन दे. त्याच निकायातील चक्कवत्ति सीहनाद सुत्तात याची दुसरी बाजू आहे. तेथे राजा निर्धनांना धन देत नाही, दारिद्र्य वाढते, चोरी होते; मग पकडून आणलेल्या चोराला राजा धन देतो, आणि चोरी केली की धन मिळते असे समजून लोक आणखी चोऱ्या करू लागतात. गरजूला आधी, सर्वांना आणि नियमाने देणे वेगळे. अंगाशी आल्यावर एकेकाला मर्जीने देणे वेगळे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या कथाकाराला आजच्या निवडणुकांची कल्पना नव्हती, हेच काय ते आश्चर्य.

एवढे लिहिण्यामागे आमचा एक स्वार्थ आहे. या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून विद्यालयाच्या प्रवेशद्वारी साँचीच्या तोरणासारखी कमान उभारण्याचे घाटत आहे. कल्पना सुंदर आहे. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हाला साँचीचे तोरण फार प्रिय. तेथील दानलेखांत राजांपेक्षा भिक्षुणी, गृहिणी, कारागीर यांची नावे अधिक आहेत, आणि दक्षिण तोरणाचे कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केल्याची नोंद आहे. अशा सामान्यांच्या दानातून आपणही काही उभारावे, याबद्दल दुमत नाही. पण कमान दोन वर्षे थांबू शकते.

त्याऐवजी आमची सूचना अशी. शंभर माजी विद्यार्थ्यांनी दरमहा प्रत्येकी २०० रुपये द्यावेत. त्यातून आठवी ते दहावीतील, आई-वडील ऊसतोडीला जाणाऱ्या वीस मुलींच्या मातांच्या खात्यांत दरमहा १००० रुपये, ठरल्या तारखेला, जमा करावेत. प्रारंभ ज्येष्ठात व्हावा, कारण उचल त्यानंतर ठरते. एवढ्याने उचल फिटणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. कदाचित ती थोडी लहान होईल, एखाद्या घरी घ्यावीच लागणार नाही. केनियातील गावांत बारा वर्षांच्या हमीने असे पैसे देण्याचा जो प्रयोग चालू आहे, त्यात दीर्घ मुदतीच्या हमीचे परिणाम थोड्या काळाच्या मासिक रकमेपेक्षा चांगले दिसले. म्हणून निदान तीन वर्षांची खात्री आधी द्यावी आणि मगच प्रारंभ करावा. चार महिन्यांनी बंद पडणारी मदत नसलेलीच बरी.

संचालक मंडळाच्या अनौपचारिक बैठकीत ही सूचना मांडली, तेव्हा 'मुलगी शाळेतून काढणार नाही असे पालकांकडून लिहून घ्यावे' असे काही सहकाऱ्यांनी सुचवले. त्यांचा हेतू निर्मळ आहे. तरी आम्ही त्याला संमती दिली नाही. त्या माणसाने एका कागदावर अंगठा उठवून झाला आहे, तो मुकादमापाशी आहे. त्याच्यावर दुसरा कागद आमचा कशाला? इंदूरच्या गावांत कोणाकडूनही काही लिहून घेतले नव्हते, तरी मुली शाळेत गेल्या.

अर्ज नको, उत्पन्नाचा दाखला नको, वाटपाचा समारंभ आणि छायाचित्र तर मुळीच नको. वीस नावे शोधायला कोठे जावे लागणार नाही. गेल्या तीन वर्षांच्या हजेरीपटात दिवाळीनंतरची पाने उघडली, की लाल शाईने ती लिहिलेली सापडतात.